साडेतीन एकर, खानापूरचा पाऊस आणि शेरडं: श्रावणात काय चारणार ते आधी सांगा

दादा, तुमचं एवढं विचारणं आहे की जांबोटी रोडकडं वडिलांची साडेतीन एकर जमीन आहे, दोन एकर भाताची, बाकी माळ, एक बोअर, आणि पुण्यातली नोकरी सोडून बायको-पोरांसकट गावाकडं येऊन शेरडं, मेंढरं, गावठी कोंबड्या, जमलं तर दोन गाई असं चरायला सोडून पाळायचं आहे, तर शंभर शेळ्यांचा शेड मारू का वीसपासून सुरुवात करू. मी बेळगावच्या पश्चिमेकडच्या एका खेड्यात चौदा वर्षं हेच करते. नवरा उद्यमबागला फौंड्रीत शिफ्टला असतो, त्यामुळं जनावरं म्हणजे मी आणि सासूबाई, त्यातही खरी जाणकार सासूबाईच, मी फक्त वहीत लिहून ठेवते आणि औषधांची नावं वाचते.

माझं उत्तर, शंभर पण नको आणि वीस पण नको. सहा घ्या. पाच-सहा पाटी, म्हणजे अजून न व्यालेल्या तरण्या शेळ्या, नाहीतर एकदा व्यालेल्या, बास. हसू नका, का ते सांगते.

जो कोणी हिशोब करतो तो उन्हाळ्याचा करतो, मे महिन्यात पाणी कुठलं, चारा कुठला. व्हिडिओ बनवणारे सगळे अहिल्यानगर, सोलापूर बाजूचे, त्यांचं दुखणं उन्हाळाच आहे, त्यांचं बरोबर आहे. पण आपल्या पट्ट्यात जनावर मरतं ते पावसाळ्यात. जूनमध्ये भाताची पेरणी झाली, रोपलावण झाली की सगळं शिवार बंद होतं ते सुगी होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ पाच महिने. कुणाच्या बांधावर शेरडू गेलं की भांडण ठरलेलं. जंगलात न्यावं म्हटलं तर तुमच्या बाजूला राखीव जंगल आणि त्याला लागून भीमगड अभयारण्य, तिथं गार्ड पण आहे आणि बिबट्या पण आहे. वर कणकुंबीकडनं येणारा तो पाऊस, आठ-आठ दिवस थांबत नाही. आणि शेरडाला एक वेळ उपाशी बसलेलं चालतं पण पाठीवर पाणी चालत नाही, चार थेंब पडले की कळप आपला वळून घराकडं पळत येतो. मग पाच महिने ही जनावरं खाणार काय आणि फिरणार कुठं, या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडं जितक्या शेरडांचं आहे तितकीच शेरडं घ्यायची. शेडवर किती पैसे आहेत त्यावर नाही.

हिशोब सोपा आहे. तीस किलोची शेळी दिवसाला साधारण साडेतीन-चार किलो ओला चारा खाते. सहा शेळ्या म्हणजे दिवसाला चोवीस किलो, दीडशे दिवस म्हणजे छत्तीसशे किलो, साडेतीन टनाच्या वर. बोअरजवळ दहा गुंठे नेपिअर लावला तर पाण्यावर वर्षाला दहा टन सहज निघतोय म्हणत्यात, मी निम्माच धरते, पाच टन, म्हणजे भागलं. आता हाच हिशोब शंभराला लावा, साठ टन होतो, तुमचं भात काढून सगळं नेपिअर केलं तरी दम निघेल. धारवाडला गवत आणि चारा संशोधन संस्थेचं केंद्र आहे, तिथलं संपूर्णा नावाचं वाण, डीएचएन सहा, आमच्याकडं चांगलं चाललंय, कांड्या तिथून मिळतात का ते आधी विचारून जा. सुपर नेपिअरच्या एका कांडीला पाच रुपये मागणाऱ्याच्या नादाला लागू नका, ते काय सोनं नाही. पण नुसत्या नेपिअरवर शेळी राहत नाही. पावसाळ्यातलं गवत म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच, पोट भरतंय पण अंगाला लागत नाही, आणि शेळीचा मूळ स्वभाव मान वर करून पाला ओरबाडायचा. म्हणून या जूनमध्ये, शेरडं यायच्या वर्षभर आधी, बांधाला शेवरी, हादगा, गिरीपुष्प, सुबाभूळ लावून टाका. फणस, उंबर असतील तर एक पण तोडू नका, फणसाच्या पाल्यावर माझी शेरडं अशी तुटून पडत्यात की फांदी हातात धरवत नाही. गिरीपुष्पाला वास असतो, ताजं देऊन बघाल तर तोंड फिरवतील, एक दिवस सुकवून द्या. सुबाभूळ एकटं चारू नका, त्यात मिमोसिन असतं, जास्त झालं की केस गळतात, एकूण चाऱ्याच्या तिसरा हिस्सा पुष्कळ झाला.

आणि माळावरची घाणेरी, तुमच्याकडं टणटणी म्हणत असतील, ती मुळासकट काढून टाका. भुकेलं जनावर ती खातं, मग कावीळ होते, उन्हात कातडी सोलते.

आता चरायचा विषय, कारण तुम्हाला बांधून नाही तर सोडून पाळायचं आहे आणि मला ते आवडलं. पण सोडून म्हणजे सकाळी दार उघडलं आणि संध्याकाळी मोजली असं नाही. त्या दीड एकर माळातली एक एकर घ्या, तिचे चार-चार गुंठ्याचे दहा तुकडे करा, एका तुकड्यात चार दिवस, मग पुढचा, म्हणजे पहिल्यावर परत यायला चाळीस दिवस होतात. कारण सांगते. शेरडाच्या पोटात जो रक्त पिणारा जंत असतो त्याची अंडी लेंडीतून पडतात, उबदार ओल्या हवेत पाच-सात दिवसांत त्यातनं अळी तयार होऊन गवताच्या पात्यावर चढून बसते, शेळीनं खायची वाट बघत. अळी तयार व्हायच्या आधी तुम्ही जनावर पुढं हलवलेलं असतं, आणि खायला जनावरच नाही मिळालं की आपल्या दमट उष्ण हवेत महिना-सव्वा महिन्यात बहुतेक अळ्या मरून जातात. ती अळी दव असताना वर चढते आणि तळातल्या चार-पाच बोटांतच जास्त असते, म्हणून दव वाळल्याशिवाय सोडायचं नाही आणि गवत जमिनीला चाटेपर्यंत चरू द्यायचं नाही. सासूबाईंना अळी-बिळी माहीत नाही, पण दहा वाजायच्या आत शेरडं सोडलेली त्यांना कधी चालली नाहीत.

तुकड्यांना पहिल्या वर्षी जाळी घेऊन हलवत राहा. सोलरचं झटका मशीन मी वापरते, चांगलं आहे, फक्त पावसाळ्यात गवत वाढून तारेला टेकलं की करंट जमिनीत जातो आणि शेरडांना ते तुमच्या आधी कळतं, त्यामुळं दर आठवड्याला तारेखालचं गवत मारायचं काम लागतंय, ते कुणी करायचं ते घरात आधी ठरवा.

जंताचं औषध दर महिन्याला पाजणारे आहेत, तसं करू नका, जंत त्याला सरावतात आणि मग खरी गरज पडते तेव्हा औषध लागू पडत नाही. आम्ही पापणी बघतो. दर रविवारी सकाळी सासूबाई उंबऱ्यात बसतात, मी एकेक शेळी दोन गुडघ्यात धरते, त्या अंगठ्यानं वरची पापणी दाबून खालची ओढतात. आतला मांसाचा भाग लालबुंद किंवा गुलाबी असला की सोडली. पेजेसारखा पांढरट दिसला की त्या नुसतं "हिला" म्हणतात आणि मी वहीत लिहिते, औषध फक्त तिला, वजन करून. तीन वेळा ज्या शेळीचं नाव वहीत आलं ती विकायची, कितीही दूध देऊ दे, कारण तिची पिल्लं पण तशीच निघतात. आणखी एक, संध्याकाळी जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबल्यासारखी सूज दिसली तर तो जंत असेल नाहीतर यकृतातला चपटा कृमी. हा दुसरा आपल्या भातवाल्यांचा खास. तो गोगलगायीतनं येतो, गोगलगाय पाणी साचलेल्या खाचरात, आणि शेरडू सुगीनंतर त्याच खाचराच्या कडेचं हिरवं खायला पहिलं धावतं. त्याला साधं जंताचं औषध चालत नाही, वेगळं असतं, डॉक्टरांना "भाताच्या खाचरात चारतो" एवढं सांगितलं की ते समजून देतात.

मेंढरांचं विचारलंय तुम्ही, म्हणजे तुमच्या भाषेत मेंढी, आमच्याकडं बकरं म्हटलं तरी मेंढरूच. मटणाला बकऱ्याला गिऱ्हाईक जास्त हे खरं. पण खानापूरच्या त्या पावसात मेंढरू नको. खुरं सडतात, लोकर ओली राहते, चावऱ्या बारक्या माशांनी नीलजीभ येते. धनगर काय वेडे नाहीत, मिरगाच्या आधी कळप घेऊन पूर्वेच्या कोरड्या मुलखात जातात आणि सुगी झाली की परत येतात, पिढ्यान् पिढ्या. तुमचं शेत अथणी किंवा जत बाजूला असतं तर मी माडग्याळ घ्या म्हटलं असतं. तुम्ही त्यापेक्षा सुगीनंतर धनगराला बोलवा, चार रात्री मेंढरं शेतात बसवा, ते खत युरियाच्या पोत्यापेक्षा भारी. बाळूमामांची बकरी ज्यांच्या शेतात बसतात ते लोक उगीच वाजतगाजत बोलवत नाहीत, श्रद्धा आहेच पण भातही तसंच येतं.

जातीचं थोडक्यात. उस्मानाबादी आपल्याकडं रुळलेली आहे, जुळी देते, पाला-पाचोळ्यावर भागवते. कोकण कन्याळ पण बघा, ती सिंधुदुर्गाची, पाऊस तिला नवा नाही. बोअर, बीटल, आफ्रिकन अमुक-तमुक यांचे हजारोंत रेट सांगणारे लोक तुम्हाला मटणाचा धंदा शिकवत नसतात, शेळ्या विकायचा धंदा करत असतात. माझ्या सहातल्या पहिल्या तीन शेळ्या तर कुठल्याच जातीच्या नव्हत्या, शेजारच्या गावातल्या मावशींच्या गोठ्यात वाढलेल्या, आमचाच पाऊस बघितलेल्या. त्यातल्या एकीची नात अजून आहे.

मग मला अक्कल कधी आली ते पण सांगते. तिसऱ्या वर्षी सगळं नीट चाललंय म्हणून मला जोर आला, आणि ऐन आषाढात एका हेडीकडनं, म्हणजे जनावरांच्या व्यापाऱ्याकडनं, एकदम वीस शेरडं घेतली, स्वस्त मिळाली म्हणून. चार बाजार फिरून आलेली, ट्रकात भिजलेली. त्याच संध्याकाळी घरच्या शेरडात सोडली. पाचव्या दिवशी एकाच्या नाकाला शेंबूड, डोळ्याला चिपाडं, सहाव्या दिवशी तोंडात फोड आणि पातळ हगवण, आणि मग रांगच लागली. पीपीआर, शेरडा-मेंढरांची विषाणूची साथ. नवी-जुनी मिळून एकोणीस गेली, मावशींच्या तीनपैकी दोन त्यातच. पीपीआरला औषध नाही, त्यावर जे जंतू मागून हल्ला करतात त्यांचं औषध करता येतं एवढंच. आणि लस आहे, तीन महिन्यांच्या पुढच्या पिल्लाला एकदा टोचली की तीन वर्षं बघायला नको, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. तेव्हा मी ती टोचली नव्हती, कारण "आमच्याकडं कुठं रोग आहे" असं मला वाटायचं. तेव्हापासून नवीन जनावर आलं की एकवीस दिवस परड्यातल्या वेगळ्या खोपीत, त्याचं पाणी वेगळं, बादली वेगळी, आणि त्याला चारा घालायचा तो घरच्यांना घालून झाल्यावर, आधी नाही.

बाकी आंत्रविषाराची लस मेमध्येच, पाऊस लागायच्या आधी, आणि दोन-तीन आठवड्यांनी परत एकदा. पहिल्या पावसाचं कोवळं लुसलुशीत गवत पोटभर खाऊन सगळ्यात तगडं करडू सकाळी मरून पडतं, ते त्यानंच, आणि लोक म्हणत्यात नजर लागली. लाळ्या-खुरकतचं सरकारी लसीकरण येतं तेव्हा गाय-म्हैस चुकवू नका, कानाला बारा आकडी बिल्ला मारतात, त्यानं कुठलं बिघडत नाही. जनावर अडलं तर जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा १९६२ नंबर लावा. फोनवर कन्नड बोलायला लागतं, तुम्हाला येत नसेल तर शिका दादा, दवाखाना कन्नडमध्ये आहे, अर्ज कन्नडमध्ये आहे, आणि जनावराला आपला सीमावाद माहीत नाही.

तेच योजनांचं. तुम्ही जे दहा शेळ्या एक बोकडचं पाठवलंय ते महाराष्ट्र सरकारचं आहे, तुमचा उतारा कर्नाटकचा, ते तुम्हाला लागू नाही. मराठी व्हिडिओ बघून निपाणी-खानापूरची किती पोरं गडहिंग्लज-कोल्हापूरच्या ऑफिसात हेलपाटे मारून आलीत. केंद्राची राष्ट्रीय पशुधन अभियानवाली लागू आहे, पन्नास टक्के सबसिडी, पण ती सुरूच होते शंभर शेळ्या पाच बोकडांपासून, बँकेचं कर्ज किंवा स्वतःचं भांडवल आधी घालायचं आणि सबसिडी मागनं दोन हप्त्यांत. म्हणूनच सगळे शंभरचा शेड मारतात, गवताला विचारून नाही, सबसिडीला विचारून. कर्नाटकात अनुग्रह म्हणून योजना आहे, शेरडू-मेंढरू अचानक मेलं तर काही रक्कम मिळते, पण डॉक्टरांनी पोस्टमॉर्टम करून दाखला द्यावा लागतो, त्यामुळं मेलेलं घाईनं पुरू नका. आणि पैसे घालायचेच असतील तर आधी गोकाक बाजूला तुक्कानट्टीला नाहीतर बैलहोंगल बाजूला मत्तीकोप्पला कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथलं ट्रेनिंग करा.

शेड म्हणाल तर खानापूरची कौलं, लाकडी वासे, आणि जमिनीपासून तीन फूट वर पोफळीच्या नाहीतर बांबूच्या पट्ट्यांची माची, फटीतनं लेंड्या खाली पडतील अशी. एका शेळीला दहा-बारा चौरस फूट धरा. पश्चिमेची भिंत पूर्ण बंद, पाऊस तिकडनंच तिरका येतो, पूर्व मोकळी. सहाला एवढंच. पत्रा मारला तर पावसाच्या आवाजानं पहिले आठ दिवस जनावर खाली बसत नाही, हे मी बघितलंय.

गाईचं नको म्हणते मी. एक म्हैस ठेवा घराला, भाताचं पिंजार आणि उसाचं वाडं तिला चालतं, उरलेलं दूध डेअरीला. गाईला पाडा झाला की त्याचं काय करणार, औताला आता ट्रॅक्टर आहे, आणि कर्नाटकात २०२० चा कायदा आहे, गोवंश कुठल्याच वयाचा कत्तलीला विकता येत नाही, म्हशीला तेरा वर्षांच्या पुढंच सूट. कायदा चांगला का वाईट ते तुम्ही तुमचं ठरवा, मी फक्त गोठ्यात उभा राहिलेला पाडा रोज किती खातो ते सांगते.

कोंबड्या पोरांच्या ताब्यात द्या. दहा गावठी आणि एक कोंबडा. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, पण खुडूक बसते आणि स्वतःची पिल्लं स्वतः वाढवते, गिरिराज अंगानं जास्त भरते पण पिल्लं विकत आणायची आणि पहिले तीन आठवडे बल्बखाली ऊब द्यायची. मानमोडीची लस, पाचव्या-सातव्या दिवशी डोळ्यात थेंब, परत महिन्यानं, मग दोन महिन्यांची झाली की सुई, हे चुकलं की एका आठवड्यात खुराडं रिकामं. शेरडं ज्या तुकड्यातनं हलवली तिथं तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंबड्या सोडा, लेंड्या उकरून माशीच्या अळ्या वेचून खातात. मुंगूस आणि घार यांचा वाटा काढून ठेवा हिशोबात. शेरडांना मात्र बिबट्यापेक्षा गावातली भटकी कुत्री जास्त खातात.

पैसे किती. सहा शेळ्या, वर्षाला एकच वेत, का ते पुढं सांगते, वेताला सरासरी दीड पिल्लू धरलं तर वर्षाला नऊ, एक-दोन मरणार, सात-आठ विकायला. अठरा किलोचं एक, जिवंत वजनाला चारशेचा भाव समजा धरला, तर पन्नास ते सत्तावन्न हजार, त्यातनं भरडा, औषध, जाळी वजा. म्हणजे पुण्याचा पगार नाही हा. दोन पाटी घरात ठेवत गेलात तर चौथ्या वर्षी बारा-पंधरा शेळ्या होतात, आणि तोवर तुमच्या बांधाचा पाला पण तेवढ्यांना पुरेल एवढा झालेला असतो. तोवर नोकरी पूर्ण सोडू नका, घरनं काम करता येत असेल तर बघा.

व्यायची वेळ तुमच्या हातात ठेवा. बोकड वर्षभर कळपात मोकळा सोडलात तर पिल्लं जुलैत येतात आणि चिखलात निमोनियानं जातात. शेळी पाच महिने गाभण असते, म्हणून बोकड जूनच्या मध्याला सोडा, पिल्लं नोव्हेंबरात, शिवार मोकळं, आईला दूध भरपूर. ती पिल्लं गावच्या यात्रांना एप्रिल-मेमध्ये जेमतेम पाच-सहा महिन्यांची असतात, काही तेव्हा जातात, चांगले बोकड मी पुढच्या बकरी ईदला ठेवते कारण त्यांना वर्षाचा पुरा झालेलाच लागतो. ती ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकते, कॅलेंडर बघून मोजा. श्रावणात आणि नवरात्रात विकायला जाऊ नका, पडून भाव करतात.

आणि एक विचारते, राग मानू नका. एवढं सगळं लिहिलंत त्यात वहिनींचा उल्लेख एकदाच आलाय, "बायको-पोरांसकट" म्हणून. शेण त्या काढणार, रात्री अडलेली शेळी त्या बघणार, तुम्ही मीटिंगमध्ये असताना कळप भातात शिरला की शेजारणीच्या शिव्या पण त्याच खाणार. शेड कुठं, तुकडे कसे, पहिली शेळी कुठली, हे त्यांना ठरवू द्या आणि विकलेल्या पहिल्या बोकडाचे पैसे त्यांच्या खात्यावर जाऊ द्यात.

बघायला यायचं असेल तर या दोघं, ऑगस्टमध्येच या, मे महिन्यात आलात तर सगळं छानच दिसेल. रविवारी सकाळी आलात तर पापण्या बघताना सासूबाई पण भेटतील. फक्त जनावरांच्या बाजारातनं तसंच इकडं येऊ नका, आणि चपला फाटकाबाहेर, तिथं चुन्याचं घमेलं ठेवलेलं असतंय.